नवे वीर

मंडळी, आज एका शब्दाविषयी लिहायचं आहे. शब्द आपला नाही, फिलिपाइन्सचा आहे. बायानी. त्यांच्या तागालोग भाषेत बायानी म्हणजे वीर. त्यावरूनच ‘बायानिहान’ हा शब्द आला. जुन्या काळी गावात कुणाला घर हलवायचं असलं की शेजारपाजारची माणसं जमून बांबूचं अख्खं घर खांद्यावर घ्यायची आणि नव्या जागी नेऊन ठेवायची. मोबदला काय, तर पोटभर जेवण. आपल्याकडे शेतीच्या कामाला इर्जिक असायची ना, तसलाच प्रकार.

१९८८ साली फिलिपाइन्सच्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो हाँगकाँगला गेल्या होत्या. तिथे त्यांच्या देशातल्या हजारो बायका लोकांच्या घरी धुणी-भांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं अशी कामं करत होत्या. त्यांच्यासमोर बोलताना अक्विनोबाई त्यांना ‘बागोंग बायानी’ म्हणाल्या, म्हणजे नवे वीर. शब्द लोकांच्या तोंडी बसला. पुढे परदेशात राबणाऱ्या प्रत्येक फिलिपिनोला, मग तो बोटीवरचा खलाशी असो, वाळवंटातला गवंडी असो की इस्पितळातली नर्स असो, सरकारी भाषणांत हेच बिरूद मिळत गेलं.

माझा प्रश्न साधा आहे. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा या वीरांचं काय झालं?

हे मला का सुचलं तेही सांगते. माझी भाची इंग्लंडात एका इस्पितळात नर्स आहे (घरच्या मंडळींना माहीतच आहे). साथीच्या दिवसांत तिचा फोन आला की तिच्या बोलण्यात सतत फिलिपिनो मैत्रिणी असायच्या. कुणी तिची ड्यूटी बदलून घेतली, कुणी डब्यातला भात दिला, कुणी आजारी पडली. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत परदेशी कर्मचाऱ्यांमध्ये पहिला नंबर आपल्या भारतीयांचा आणि त्यांच्या खालोखाल फिलिपिनोंचा, हे मला तेव्हा कळलं. तीसेक वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. आमच्या पुस्तकात फिलिपाइन्स म्हणजे नारळ, ऊस, ज्वालामुखी आणि मनिला ही राजधानी, एवढंच. माणसं निर्यात करणारा देश असं काही त्यात नव्हतं. मग मी वाचायला बसले.

आता थोडा मागचा इतिहास बघू, कारण त्याशिवाय २०२० कळत नाही.

फिलिपाइन्सवर आधी तीनशेहून अधिक वर्षं स्पेनचं राज्य होतं, १८९८ पासून अमेरिकेचं. १९०६ च्या डिसेंबरात पंधरा फिलिपिनो मजूर ‘डॉरिक’ नावाच्या बोटीने होनोलुलूला उतरले, हवाईच्या उसाच्या मळ्यांत काम करायला. त्यांना ‘साकादा’ म्हणत. पुढच्या चाळीस वर्षांत असे लाखाच्या वर लोक गेले. अमेरिकन लोकांनी फिलिपाइन्समध्ये नर्सिंगच्या शाळा काढल्या, त्यात शिक्षण इंग्रजीतून आणि अमेरिकन पद्धतीचं. १९४८ पासून एका देवाणघेवाण योजनेखाली तिथल्या नर्सेस अमेरिकेत जायला लागल्या आणि १९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा सैल केल्यावर तर रीघच लागली.

पण माणसं बाहेर पाठवणं हे सरकारी धोरण झालं ते १९७४ साली. फर्डिनंड मार्कोस यांची हुकूमशाही होती. देशात बेकारी होती आणि परकीय चलनाची चणचण होती. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि आखाती देशांत पैशाचा पूर आला. रस्ते, बंदरं, इस्पितळं बांधायला त्यांना माणसं हवी होती. मार्कोस यांनी १ मे १९७४ रोजी, म्हणजे नेमका कामगार दिन साधून, नवा कामगार कायदा आणला आणि परदेशी नोकऱ्यांचा कारभार सरकारच्या हाती घेतला. तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेली ही गोष्ट. पन्नास वर्षं होऊन गेली तरी चालूच आहे.

१९८२ सालचा एक हुकूम तर वाचण्यासारखा आहे. परदेशात काम करणाऱ्याने पगाराचा ठरावीक हिस्सा बँकेमार्फत मायदेशी पाठवलाच पाहिजे. खलाशांनी ऐंशी टक्के, घरकाम करणाऱ्या बायकांनी पन्नास टक्के. न पाठवल्यास पासपोर्टचं नूतनीकरण नाही! हाँगकाँगमधल्या बायकांनी या विरोधात संघटना उभारली आणि आवाज उठवला. १९८५ मध्ये त्या हुकमातल्या शिक्षेच्या तरतुदी काढाव्या लागल्या. खलाशांचा ऐंशी टक्क्यांचा नियम मात्र त्यांच्या करारात आजही आहे. म्हणजे बघा, ‘वीर’ हा शब्द आला १९८८ मध्ये, पण वसुलीचा हुकूम त्याच्या सहा वर्षं आधीचा!

१९९५ च्या मार्च महिन्यात सिंगापुरात फ्लोर काँटेम्प्लासिऑन या घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बाईला खुनाच्या आरोपावरून फाशी झाली. आपल्या सरकारने तिच्यासाठी पुरेसे प्रयत्न केले नाहीत, या भावनेने सारा फिलिपाइन्स पेटून उठला. त्याच वर्षी परदेशस्थ कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला. लोक रस्त्यावर आल्यावर कायदा झाला, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

साथीचा एक अनुभवही त्यांच्या गाठीशी होता. २००३ साली हाँगकाँगमध्ये सार्सची साथ आली, २९९ माणसं दगावली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून परदेशी घरकामगारांचं किमान वेतन महिना ३,६७० हाँगकाँग डॉलरवरून ३,२७० वर आणलं गेलं. निर्णय साथ शिगेला पोचण्याआधीचा होता आणि कारण मंदीचं दिलं होतं. पण या बायकांच्या बाजूने बघा. घरात दिवसभर जंतुनाशकाने फरशा पुसायच्या, आजाऱ्याची सेवा करायची आणि महिनाअखेरीला चारशे डॉलर कमी घ्यायचे.

आता २०१९ मध्ये येऊ. तिथल्या सरकारी पाहणीप्रमाणे त्या वर्षी सुमारे २२ लाख फिलिपिनो परदेशात कामाला होते. त्यातले ५६ टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त बायका. दर पाचातला एक जण एकट्या सौदी अरेबियात. बँकांमार्फत वर्षभरात त्यांनी घरी पाठवलेली रक्कम ३० अब्ज डॉलरच्या वर, देशाच्या उत्पन्नाच्या आठ-नऊ टक्के. कोकणातली गावं मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालायची असं आपण म्हणतो. इथे एक अख्खा देशच मनीऑर्डरीवर!

साथीचा पहिला तडाखा बसला तो बोटीवर. ‘डायमंड प्रिन्सेस’ आठवते का? फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ही प्रवासी बोट अडवून ठेवली होती. बोटीवर ३,७११ माणसं. प्रवाशांना आपापल्या खोलीत बंद राहायला सांगितलं. पण त्यांना जेवण कोण पोचवणार? चादरी, टॉवेल कोण बदलणार? बोटीवरचे १,०४५ कर्मचारी. त्यातले ५३८ फिलिपिनो आणि १३२ आपले भारतीय. ही मंडळी एकेका छोट्या खोलीत दोघं-दोघं, कधी जास्त जण झोपायची, एकत्र जेवायची आणि सकाळी मास्क लावून दारोदार ट्रे पोचवायची. विलगीकरण प्रवाशांसाठी होतं. कर्मचारी त्यात धरलेच नव्हते. बोटीवर एकूण ७१२ जणांना लागण झाली. फेब्रुवारीच्या अखेरीस ४४५ फिलिपिनोंना विमानाने मायदेशी नेलं आणि आदल्याच वर्षी खेळाडूंसाठी बांधलेल्या वसाहतीत दोन आठवडे ठेवलं.

त्याच महिन्यात दुसरीकडे उलटा प्रकार चालला होता. २ फेब्रुवारीला फिलिपाइन्सने चीन, हाँगकाँग आणि मकाऊला जाण्यावर बंदी घातली. सुटीवर घरी आलेल्या हाँगकाँगच्या कामकरी बायका अडकल्या. एकीकडे साथीची भीती आणि दुसरीकडे वेळेवर पोचलो नाही तर नोकरी जाण्याची भीती. यातली दुसरी मोठी ठरली. त्यांनी परत जाऊ द्या म्हणून मागणी केली आणि १८ तारखेला सरकारने त्यांना मुभा दिली. स्वतःच्या जबाबदारीवर जात आहोत, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. साथीच्या गावात जायला मिळावं म्हणून माणसं झगडत होती, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

हाँगकाँगमध्ये या बायकांना मालकाच्या घरीच राहावं लागतं, तसा तिथला नियम आहे. आठवड्यात एक दिवस सुटी, बहुतेकींची रविवारी. त्या दिवशी सेंट्रल भागात पुठ्ठे अंथरून त्या बसतात, जेवतात, गाणी म्हणतात, घरी पाठवायची खोकी बांधतात. जानेवारी २०२० च्या अखेरीस तिथल्या सरकारने आवाहन केलं की घरकामगारांनी सुटीच्या दिवशी घरातच राहावं. घर म्हणजे कुणाचं? मालकाचं! म्हणजे सुटी कसली, सातवा दिवसही कामाचाच. मार्चअखेर चारपेक्षा जास्त जण एकत्र जमले तर दोन हजार हाँगकाँग डॉलर दंड लागू झाला. किमान पगार तेव्हा ४,६३० होता. जवळजवळ अर्धा पगार! त्या वर्षी पगारवाढही गोठवली. २०२१ च्या एप्रिलअखेर सरकारने सगळ्या परदेशी घरकामगारांना सक्तीची चाचणी लावली आणि करार हवा असेल तर लसही घ्या असं सुचवलं. त्याच घरात राहणाऱ्या मालकांना असलं काही नाही. टीका झाली तेव्हा लसीची अट मागे घेतली. पण २०२२ च्या फेब्रुवारीत मोठी लाट आली, तेव्हा चाचणीत बाधित निघालेल्या काही जणींना मालकांनी घराबाहेर काढलं. थंडीत त्या उघड्यावर झोपल्या. आजारी कामगाराला काढून टाकणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. सरकारने तसं जाहीरही केलं. पण रात्री दोन वाजता रस्त्यावर बसलेल्या बाईला कायद्याचा काय उपयोग?

आखातातली तऱ्हा आणखी वेगळी. तिथे ‘कफाला’ पद्धत आहे. कामगाराचा परवाना मालकाशी बांधलेला. मालक बदलणं अवघड, काही ठिकाणी देश सोडायलाही मालकाची परवानगी. २०२० मध्ये साथीबरोबर तेलाचे भाव कोसळले. कंपन्यांनी कामं थांबवली. दुबईसारख्या शहरात खोली नव्हे, खोलीतली नुसती एक खाट भाड्याने घेऊन माणसं राहतात. तिथे ‘अंतर ठेवा’ म्हणून सांगणं म्हणजे थट्टाच. पगार बंद, विमानं बंद, परवाना मालकाच्या हातात. फिलिपाइन्स सरकारने नोकरी गेलेल्यांना एकदाच दहा हजार पेसो दिले, म्हणजे सुमारे दोनशे डॉलर. सौदी अरेबियात दगावलेल्यांचे देह महिनोन् महिने तिथेच राहिले. जुलैत विशेष विमानाने काही देह मायदेशी आणले. करोनाने गेलेल्या अनेकांना तिथल्याच मातीत पुरलं. फिलिपिनो लोकांत माणूस गेला की देह काही रात्री घरात ठेवून जागर करतात, नातेवाईक लांबून येतात, पत्ते खेळतात, कॉफी पितात, मृताच्या आठवणी काढतात. ‘लामाय’ म्हणतात त्याला. ज्यांनी वर्षानुवर्षं घरासाठी घर सोडलं, त्यांना शेवटची रात्रही घरात मिळाली नाही.

आणि जे जिवंत परतले त्यांचं काय? मनिला विमानतळावर उतरल्यावर चाचणी आणि विलगीकरण. चौदा दिवस ठरलेले, पण चाचणीचे निकाल येईनात. मे २०२० च्या अखेरीस मनिलात असे सुमारे २४ हजार कामगार हॉटेलांत नि बोटींवर अडकून पडले होते. कित्येकांना महिना उलटून गेला होता. शेवटी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी एका आठवड्यात यांना घरी पोचवा असा हुकूम काढला, तेव्हा बस, विमानं, बोटी हलल्या. मनिलाच्या उपसागरात तेव्हा वीसेक प्रवासी बोटी नांगर टाकून उभ्या होत्या. त्यांवरच्या फिलिपिनो खलाशांना डोळ्यांना किनारा दिसत होता, पण उतरता येत नव्हतं. ऑक्टोबरात पुन्हा तेच. सरकारी विमा संस्थेने रेड क्रॉसचे जवळजवळ एक अब्ज पेसो थकवले, म्हणून रेड क्रॉसने चाचण्या थांबवल्या आणि परतलेले कामगार पुन्हा हॉटेलांत अडकले. गावी पोचलेल्यांनाही वेशीवर हार घालून घेतलं असं नाही. काही ठिकाणच्या प्रशासनांनी यांना सध्या पाठवू नका म्हणून विनवलं. काल घराचं छप्पर ज्याच्या पैशावर झालं, तोच आज रोग घेऊन आलेला पाहुणा ठरला. २०२० अखेर सव्वातीन लाखांहून जास्त लोक सरकारी मदतीने परतले होते.

आता नर्सेसबद्दल. अमेरिकेतल्या नर्सेसच्या संघटनेने सप्टेंबर २०२० मध्ये एक अहवाल काढला. तोवर तिथे करोनाने २१३ नर्सेस दगावल्याची नोंद होती. त्यातल्या ६७ फिलिपिनो होत्या, म्हणजे सुमारे ३१ टक्के. आणि अमेरिकेतल्या एकूण नर्सेसमध्ये त्यांचं प्रमाण किती? चार टक्के! मी हा आकडा दोन-तीनदा ताडून पाहिला. कारण असं सांगतात की फिलिपिनो नर्सेस मोठ्या संख्येने अतिदक्षता विभागात आणि रुग्णाच्या खाटेजवळच्या कामात असतात. जिथे धोका जास्त, तिथे त्या जास्त.

ब्रिटनमध्ये २६ मार्च २०२० पासून दर गुरुवारी रात्री आठ वाजता लोक दारात उभे राहून आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजवायचे. (आपण थाळ्या वाजवल्या होत्या, त्यातलाच प्रकार.) भाची म्हणाली की ऐकून डोळे भरून यायचे. पण त्याच वेळी परदेशातून आलेल्या नर्सेसना त्याच आरोग्यसेवेचा लाभ घेण्यासाठी वर्षाला चारशे पौंड जादा भरावे लागत होते. पगारातून कर कापला जायचा तो वेगळाच. भारतीय असो की फिलिपिनो, ही पट्टी सगळ्यांना सारखी. २१ मे रोजी, बरीच ओरड झाल्यावर, आरोग्यसेवकांना त्यातून वगळायचं सरकारने मान्य केलं. टाळ्या दोन महिने आधी आल्या, माफी नंतर. इथेही क्रम बघा.

इकडे फिलिपाइन्सने एप्रिल २०२० मध्ये नर्सेसना बाहेर जायला बंदी केली, कारण देशातच माणसं कमी पडत होती. मुद्दा चूक म्हणवत नाही. पण घरच्या इस्पितळांतला पगार मात्र तेवढाच तुटपुंजा राहिला. मग वर्षाला पाच हजारांची मर्यादा घालून दार किलकिलं केलं. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या कामगार खात्याच्या एका अधिकाऱ्याने असं सुचवलं की ब्रिटन आणि जर्मनीने आम्हाला लसी द्याव्या, आम्ही नर्सेसवरची मर्यादा उठवू. नर्सेसच्या बदल्यात लस! ब्रिटनने असा सौदा करणार नाही म्हणून सांगितलं. तिथल्या नर्सेस रागावल्या आणि ते साहजिकच होतं. आम्ही काय विकायचा माल आहोत का, असंच त्यांचं म्हणणं.

या सगळ्या वर्षात एकच गोष्ट जवळजवळ थांबली नाही. पैसा. एप्रिल २०२० मध्ये जागतिक बँकेचा अंदाज होता की जगभरात स्थलांतरितांनी घरी पाठवायचा पैसा वीस टक्क्यांनी घटेल. फिलिपाइन्समध्ये वर्षअखेर घट किती झाली? एक टक्काही नाही. ३०.१ अब्जांवरून २९.९ अब्ज डॉलर. लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, तरी उरलेल्यांनी जास्त पाठवलं. अर्थतज्ज्ञ याला ‘लवचीकता’ म्हणतात. मी बाईमाणूस, मला त्यात दुसरं दिसतं. कुणीतरी मोबाइलचं रिचार्ज केलं नाही. कुणीतरी दुपारचं जेवण सोडलं. कुणीतरी बरं नसताना कामावर गेलं.

आपण हे सगळं लांबून बघावं असंही नाही. जगभरच्या बोटींवर गोव्याचे आणि कोकणातले कितीतरी मुलगे फिलिपिनो सोबत्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करतात. एप्रिल २०२० मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ ही बोट मुंबईसमोर येऊन थांबली होती. तीवरच्या भारतीय खलाशांना, त्यात गोव्याचेही बरेच होते, उतरायला २३ तारीख उजाडली. वर्षअखेर जगात सुमारे चार लाख खलाशी कराराची मुदत संपूनही समुद्रावरच होते. आपण घरात बसून डाळ-तांदूळ वेळेवर मिळाला म्हणून समाधान मानत होतो, तो माल वाहणारी माणसं ही.

आता त्या शब्दाकडे येते. शिक्षकी पेशात मी एक पाहिलंय. ज्याला मोबदला द्यायचा नसतो, त्याला आपण पदवी देतो. आम्हालाही ‘राष्ट्राचे शिल्पकार’ म्हणायचे आणि पगार तीन-तीन महिने थकायचा. वीर म्हटलं की त्या माणसाने सोसायचं, हे आधीच ठरून जातं. वीर तक्रार करत नाही, भत्ता मागत नाही, आजारी पडत नाही. ‘कामगार’ म्हटलं तर मात्र हिशेब येतो. किती तास, किती पगार, आजारपणाची रजा, परतीचं तिकीट. म्हणून मला वाटतं, त्या बायकांना वीर म्हणण्यापेक्षा कामगार म्हणणं हाच जास्त मान आहे. हाँगकाँगच्या बायकांना हे १९८४-८५ मध्येच कळलं होतं.

काही बदललं का? थोडं. डिसेंबर २०२१ मध्ये फिलिपाइन्सने परदेशस्थ कामगारांसाठी स्वतंत्र खातं स्थापायचा कायदा केला. सौदीने मार्च २०२१ पासून कफालाची पकड थोडी सैल केली, पण त्यातून घरकामगारांना वगळलं. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्या पुन्हा दाराबाहेर.

बायानिहानमध्ये घर एकटा कुणी उचलत नाही, सगळे मिळून उचलतात. गंमत म्हणजे मार्च २०२० मध्ये साथीसाठी केलेल्या तिथल्या कायद्याच्या नावातही हाच शब्द होता. प्रत्यक्षात मात्र घर उचललं एका बाजूच्या खांद्यांनीच.

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरचं कुणी बोटीवर, आखातात किंवा इस्पितळात असेल, तर त्यांनी पाहिलेलं जरूर लिहून ठेवा. पाठ्यपुस्तकात हे यायला अजून बरीच वर्षं लागतील.